मदत हवी आहे: बारावीला गणित नाही, तरी पाच वर्षांची एकत्रित एमएस्सी झेपेल का?

माझी भाची डोंबिवलीची, यंदा बारावी सायन्सला आहे. गणित सोडून जीवशास्त्र घेतलंय. तिला संशोधनातच जायचंय आणि घरच्यांना ते मान्य आहे, तेव्हा कृपया ‘नीट का देत नाही’ हे नको.

पहिली पसंती कालिना कॅम्पसमधल्या सीबीएसला (मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञानांचं केंद्र). प्रवेश नेस्ट या प्रवेश परीक्षेमधून. पुण्याच्या आयसरची (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) पाच वर्षांची बीएस-एमएसही डोक्यात आहे, पण तिथल्या परीक्षेत गणिताला जीवशास्त्राइतकंच वजन. नेस्टमधूनच भुवनेश्वरचं नायसरही (अशीच विज्ञान संस्था) मिळू शकतं, मात्र सध्या तिला एवढ्या लांब पाठवता येणार नाही. फी आणि होस्टेलची अडचण नाही.

माहितीपत्रकं वाचून झालीत, नेस्टच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही तिच्याकडून सोडवून घेतल्या. पेशी, जनुकं, सेंद्रिय रसायन, सगळं भराभर जातं; गणितातलं डेरिव्हेटिव्ह (कॅल्क्युलस) आलं की पेन थांबतं. शून्यापासून शिकायची तयारी आहे तिची, मुलगी चिकाटीची आहे. नाहीच जमलं तर साधी बीएस्सी आणि मग जॅम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सी, हा रस्ता आहेच. पण पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेचं वातावरण मिळावं असं मला मनापासून वाटतं.

सीबीएसला जीवशास्त्र शाखेत शिकलेलं कुणी आहे का इथे? बारावीला गणित नसलेल्यांना पहिल्या वर्षी ते कितपत जड गेलं, आणि मध्येच तीन वर्षांनी बाहेर पडायचं ठरलं तर बीएस्सीची पदवी हातात मिळते का?