मदत हवी आहे: गावाबाहेर पळण्यासाठी मार्ग कसे शोधता?

नमस्कार मंडळी,

एका छोट्या गावात नुकताच राहायला आलोय. चहूबाजूंनी शेतं, टेकड्या, शिवाय एक कालवा. हाफ मॅरेथॉनची (२१.१ किमी) तयारी चालू आहे, त्यासाठी १५-१६ किमीचा फेरा हवाय. गेलो त्याच वाटेने परत यायचा मला भारी कंटाळा.

स्ट्राव्हा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या हीटमॅपवर (लोक जास्त जातात त्या वाटा उजळ दाखवणारा नकाशा) फक्त मुख्य रस्ता उजळलेला दिसतो. इकडे पळणारेच कमी, तर नकाशा तरी काय सांगणार! ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर पायवाटा भरपूर आहेत, पण कुठली खासगी शेतातून जाते, कुठली मध्येच संपते ते कळत नाही. उपग्रहचित्रात झाडीमुळे ओढ्यावर साकव आहे का तेही दिसत नाही. तुम्ही आधी सायकलवरून वाट बघून येता का?

डांबरी रस्ता शक्यतो नको. कडेला उतार असतो, त्यामुळे एकाच पायावर जास्त ताण येतो. समोरची वाहनं दिसावीत म्हणून वाहतुकीच्या विरुद्ध बाजूनेच पळायचं, म्हणजे बाजू बदलायचीही सोय नाही. कालव्याची वाट मऊ आणि सपाट, पण सावली औषधालाही नाही. टेकडीवरून दृश्य झकास, मात्र उतरताना सुट्या खड्यांवरून पाय घसरतो. त्यासाठी ट्रेल शूज (खडबडीत वाटांसाठीचे, जास्त पकड असलेले बूट) घ्यावेतच का, की साधे चालतील?

आणि शेतावरची राखणीची कुत्री अंगावर आली तर नेमकं काय करता? मी थांबून चालायला लागतो. अजून काही उपाय?