बटणे बेंजोलाही असतात

‘गिटार हिरो’सारख्या संगीताच्या व्हिडिओ गेमबद्दल ‘नुसती बटणे दाबणे म्हणजे वाजवणे नव्हे’ असा मुद्दा मांडला जातो, तो मला अर्धाच पटतो. आमच्या जळगाव-धुळे भागात लग्नाच्या वरातीत जो बेंजो वाजतो, त्यालाही टाइपरायटरसारखी बटणेच असतात. डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातील नखीने तारा छेडायच्या, म्हणजे हातांची वाटणी २००५ साली आलेल्या ‘गिटार हिरो’च्या गिटारच्या आकाराच्या कंट्रोलरसारखीच, तरीही बेंजोला कोणी खेळण्यात जमा करत नाही. खरा फरक वेगळाच आहे. बेंजोचे प्रत्येक बटण तार ठरावीक जागी दाबते, त्यामुळे त्याचा स्वर पक्का असतो आणि वाजवता वाजवता कान तयार होतो. गेममधल्या पाच रंगीत बटणांना मात्र स्वतःचा स्वरच नाही, एकाच गाण्यात तेच हिरवे बटण निरनिराळ्या स्वरांसाठी येते. गेममध्ये भरपूर गुण मिळवणारा माझा भाचा बेंजोवर बसला, तेव्हा त्याची लय पहिल्यापासून नेमकी होती, सूर मात्र तो बराच काळ चाचपडत राहिला. ‘रॉक बँड’ या तशाच दुसऱ्या गेमच्या ड्रमबाबत मी इतका कठोर होणार नाही, कारण तिथे चार पॅड आणि एक पेडल सांभाळताना हात आणि पाय खरोखरच वेगवेगळे चालवावे लागतात.