मदत हवी आहे: वॉटर पंप बदलून नवव्या दिवशी कसारा घाटात गाडी गरम, सर्व्हिस सेंटर म्हणतंय इंजिन उघडावं लागेल

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, आधीच माफी. शोरूमचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका. गाडी सध्या त्यांच्याच ताब्यात आहे.

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, घेतल्यापासून माझ्याच हातात. वॉरंटी संपलीय. गेल्या महिन्यात सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली हिरवट ओल दिसायला लागली म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. वॉटर पंप गळतोय म्हणाले. पंप, थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी धरून १४,६०० रुपये झाले. भरले. संध्याकाळी गाडी धुऊन, आत अत्तराचा वास मारून हातात दिली.

तिसऱ्या दिवशी कूलंटच्या बाटलीची पातळी मधल्या रेषेच्या खाली. सर्व्हिस ॲडव्हायझरला फोटो पाठवला. त्याचं व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, "मॅडम नवीन पंपात हवा असते, ती निघाली की लेव्हल उतरते, साधं पाणी टाका." टाकलं, अर्धा लिटर.

नवव्या दिवशी कल्याणहून परत येताना कसारा घाटात, एसी चालू, गाडीत आम्ही चौघं. काटा नेहमी मध्यावर असतो तो वर सरकताना दिसला. लाल पट्ट्याला टेकायच्या आतच कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बॉनेटमधून वाफ. अर्ध्या-पाऊण तासाने खालून एक मेकॅनिक आला. त्याने बॅटरी मारून दाखवलं: खालच्या होज पाइपवर जुन्या क्लिपचा दबलेला पट्टा स्वच्छ दिसत होता आणि क्लिप त्या पट्ट्याच्या बोटभर पुढे, अर्धी रबराच्या टोकावर, अर्धी हवेत. पाइप सरकलेला, आजूबाजूला सगळं ओलं. मी फोटो काढले. तो म्हणाला, "मी हात लावत नाही ताई, नंतर माझ्यावर यायचं."

आलंच शेवटी त्याच्यावर. रोडसाइड असिस्टन्सवाल्यांनी फ्लॅटबेडवर गाडी त्याच सर्व्हिस सेंटरला आणून टाकली (ही माझी पहिली चूक का?). दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) उडालंय, हेड उतरवावं लागेल, अंदाजे ४७,००० रुपये. क्लिप बाहेरच्या मेकॅनिकने हलवली आणि तुम्ही गाडी तापलेली असताना चालवत राहिलात, म्हणून आमची जबाबदारी नाही. एस्टिमेटवर सही करा, नाहीतर उद्यापासून दिवसाला ३०० रुपये पार्किंग. मी प्रश्न विचारायला लागले की म्हणतात, "साहेबांना फोन द्या ना." साहेब पुण्यात नोकरीला आहेत आणि त्यांना स्टेपनी कुठे असते तेही मला विचारावं लागतं.

अजून एक. रात्री बिलं काढून बसले तेव्हा दिसलं. पंप बदललेल्या दिवसाच्या जॉब कार्डवर ‘रोड टेस्ट’ला बरोबरची खूण आहे. गाडी आत येताना मीटर ५८,३१६. बाहेर पडतानाच्या गेट पासवरही ५८,३१६. मग टेस्ट कुठे घेतली, लिफ्टवर?

प्रश्न एवढाच आहे की सही करू का? गाडी उचलून दुसरीकडे नेऊ का? आणि खरंच गॅस्केट गेलं असेल तर ते कोणाच्या चुकीने गेलं, हे इंजिन उघडल्यावर सिद्ध कसं करायचं?

अंबडचा फोरमन

ताई, सही करू नका. इंजिन एकदा उघडलं की होज, क्लिप, कूलंट सगळं हलतं, मग तुमच्याकडे नुसते फोटो उरतात.

गॅस्केट उडालं हे त्यांनी कशावरून ठरवलं ते आधी विचारा. नुसतं गाडी गरम झाली म्हणून कोणी हेड उतरवत नाही. उद्या जाऊन तुमच्यासमोर, या क्रमाने करायला सांगा. सगळ्याचा व्हिडिओ काढा, मीटर दाखवून सुरुवात करा.

क्लिपला हात न लावता, थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट. कूलंटच्या बाटलीवर हातपंप लावतात, झाकणावर जेवढा आकडा लिहिलेला असतो तेवढी हवा भरतात. इंजिन चालूसुद्धा करावं लागत नाही. होजच्या तोंडातून पाणी आलं की गळती कुठली ते कॅमेऱ्यात आलं. त्या पाइपच्या तोंडाला एक उंचवटा असतो, क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे. पुढे बसली तर थंड असताना धरते, प्रेशर आलं की रबर हळूहळू सरकतं. म्हणून नऊ दिवस टिकली आणि घाटात गेली. गावात फिरवली असती तर आणखी पंधरा दिवस कळलं नसतं.

मग क्लिप नीट बसवून, कूलंट भरून, हवा काढून, इंजिन गरम करून ब्लॉक टेस्ट. बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी ठेवतात. गॅस्केटमधून सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळं पिवळं पडतं. हे किट प्रत्येक बऱ्या वर्कशॉपमध्ये असतं, नाही म्हणाले तर मी देतो. सोबत ऑइलचं झाकण उघडून बघा, आत कॉफीच्या फेसासारखं काही लागलंय का. बाटलीत सारखे बुडबुडे येतात का.

आणि स्कॅनरची प्रिंट. तापमानाचा कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड) आला असेल तर त्या क्षणाचा वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान पुष्कळदा कोडसोबत सेव्ह असतं. तुम्ही गाडी चालवत राहिलात असं ते म्हणतात ना, तर आकडे दाखवा म्हणावं. कोड क्लिअर करू देऊ नका.

हवा निघाल्यावर पातळी उतरते हे अर्धं खरं आहे. एकदा थोडी उतरते, पहिल्या दिवसात. तिसऱ्या दिवशी मध्याच्या खाली म्हणजे गळतीच. तेव्हाच त्यांनी गाडी बोलवायला हवी होती. तो मेसेज जपून ठेवा.

त्रिमूर्ती चौक

एवढं करण्यापेक्षा ४७ चे ३० करून घ्या आणि मिटवा. मोठ्या लोकांशी कोण भांडणार. माझ्या मेव्हण्याने दोन वर्षं हेलपाटे मारले.

वकिलीची सवय

मेव्हण्याने कोणत्या कागदावर भांडण केलं ते महत्त्वाचं. इंदिरानगरकर यांच्याकडे कागद चांगले आहेत.

थोडक्यात सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ (लागू २० जुलै २०२०) प्रमाणे सदोष दुरुस्ती ही सेवेतली त्रुटी. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. पण तो शेवटचा जिना. आधी सर्व्हिस मॅनेजर आणि कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र या दोघांना एकच ईमेल: तारखा, मीटरचे आकडे, फोटो, व्हॉट्सॲप मेसेज, आणि लेखी उत्तराला ७ दिवस. सोबत १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं.

फोनवर जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेलने त्यांना परत पाठवा: "आज अमुक वाजता आपण असं म्हणालात." त्यांनी नाकारलं नाही तर तेच तुमचं रेकॉर्ड.

पार्किंगचे ३०० रुपये जॉब कार्डवर तुमच्या सहीच्या वर छापलेत का ते बघा. नसतील तर कशाच्या आधारे, हे लेखी विचारा. मात्र एक सांभाळा. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे, १८७२ च्या करार कायद्याचं १७० वं कलम. म्हणून छोट्या रकमेसाठी गाडी तिथे अडकू देऊ नका. पैसे भरा, बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘हरकत राखून भरले’ असं लिहून सही करा.

इन्शुरन्सचं कोणी सुचवेल म्हणून सांगतो, साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही.

गंगापूर रोड

जुने पार्ट मागितले होते का? पंप खरंच बदलला का, इथपासून शंका घ्यायची वेळ आहे.

इंदिरानगरकर

@गंगापूर रोड, मागितले होते. जुना पंप खोक्यात घालून डिकीत दिला होता, बाल्कनीत पडलाय. पंप नवाच बसलाय, तेवढं खरं.

@त्रिमूर्ती चौक, दादा, ३० हजारसुद्धा माझ्या दीड महिन्याच्या ट्यूशन्स आहेत. मिटवायला हरकत नाही, पण कशाचे देतेय ते तरी कळू दे.

उद्या सकाळी जाते. फोरमनदादांनी लिहिलेलं वहीत उतरवून घेतलंय.

इंदिरानगरकर (चार दिवसांनी)

अपडेट. उशीर झाला.

पहिल्यांदा त्यांनी फ्लोअरवर येऊच दिलं नाही, ग्राहकांना काचेच्या अलीकडे बसायचा नियम आहे म्हणे. मी तिथेच बसून मोबाइलवरून ईमेल पाठवला आणि मॅनेजरला वाचून दाखवला. गेट पासवरचे दोन आकडे वाचताना तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. साहेबांचा विषय नंतर निघाला नाही.

प्रेशर टेस्टला तिसऱ्या-चौथ्या पंपालाच होजच्या तोंडातून धार. व्हिडिओत आहे. मेकॅनिक अगदी पोरगेलासा, विशीतला. तो हळूच म्हणाला, "क्लिप पुढे बसलीय." ॲडव्हायझरने त्याच्याकडे असं बघितलं की मलाच वाईट वाटलं. स्कॅनमध्ये तापमानाचा कोड निघाला, सोबतचा वेग ताशी २१ किमी. चढावर कडेला घेतानाचा असणार.

दुपारी इंजिन गरम करून ब्लॉक टेस्ट. ती निळी नळी मी पाच मिनिटं डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते. निळीच राहिली. ऑइलचं झाकणही स्वच्छ. ४७ हजारांचं गॅस्केट कुठे गेलं असं विचारलं तर, "तो प्राथमिक अंदाज होता मॅडम."

नवी क्लिप, सगळं कूलंट बदलून, मजुरी फुकट. मी म्हटलं रोड टेस्ट माझ्यासोबत. मॅनेजर, तो पोरगा आणि मी, एसी चालू ठेवून पाथर्डी फाट्यावरून विल्होळीच्या पुढे जाऊन परत. १४ किमी, काटा हलला नाही. या वेळी गेट पासवर आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा आकडा मीच लिहिला.

आता अडलंय ते दोन गोष्टींवर. ‘तपासणी शुल्क’ १,१८० रुपयांचं बिल लावलंय, ते हरकत राखून भरलं. आणि एक छापील फॉर्म दिलाय, त्यात काम समाधानकारक असून पूर्वीच्या कोणत्याही कामाबाबत तक्रार नाही असं वाक्य आहे. सही न करता घरी आणलाय. ‘पूर्वीच्या’ या शब्दापासून पुढचं खोडून सही केली तर चालेल का?

अंबडचा फोरमन

फॉर्मचं वकीलसाहेब सांगतील. गाडीचं मी सांगतो. बारीक गळती ब्लॉक टेस्टमधून निसटू शकते. ५०० किमी झाले की परत करून घ्या, माझ्याकडे आणलीत तरी चालेल. तोवर रोज सकाळी थंड गाडीवर बाटलीची पातळी बघा, स्केचपेनने रेघ मारून ठेवा.

वकिलीची सवय

खोडून चालेल, पण खोडलंय तिथे बाजूला सही आणि तारीख टाका. खाली स्वतःच्या हाताने लिहा: "होज क्लिपची दुरुस्ती मिळाली. गाडी टो करावी लागली तो त्रास आणि तपासणी शुल्क याबाबतची तक्रार कायम." त्याचा फोटो काढून मगच द्या. आणि ते १,१८० परत मागायचा ईमेल आजच टाका, त्यांच्याच टेस्टमध्ये त्यांचीच चूक निघाली आहे.

इंदिरानगरकर

टाकला. रेघ पण मारली. आज सकाळी रेघेवरच होतं.