‘दोनच सेटिंग्ज पुरेत’ म्हणणाऱ्यांना: ई-रीडरचा इंटरफेस वाचकाच्या हाती हवा

उलटं_पान:
‘अक्षराचा आकार आणि प्रकाश सोडून ई-रीडरवर एकही सेटिंग नको, वाचक गोंधळतो’ अशी पोस्ट काल इथे पडली आणि तिच्याखाली नुसत्या टाळ्या. वाचक गोंधळत नाही हो, वाईट रचलेला मेन्यू त्याला गोंधळवतो. डाव्या हातात यंत्र धरून अंगठ्याने टॅप केलं की पान मागे जातं, कारण डावी बाजू ‘मागचं पान’ला ठोकून ठेवलेली असते. पडद्याचे हे टॅपचे भाग, म्हणजे झोन, वाचकाला बदलू द्यायला काय जातं?

खरी गोम सेटिंग्ज साठवण्यात आहे. थर तीन हवेत: यंत्र, फाइलचा प्रकार, पुस्तक. पुस्तकाच्या नावे फक्त वरच्या थरापेक्षा वेगळं असेल तेवढंच लिहायचं. पुस्तक उघडताक्षणी सगळी मूल्यं त्याच्या नावे उतरवून ठेवली, की पुढे यंत्राचा समास बदलला तरी जुनी पुस्तकं ढिम्म. मग ओरड होते की सेटिंग चालतच नाही.

धूसर१६:
‘काय जातं’ म्हणे! पडद्याचे तीन बाय तीन असे नऊ झोन धरले आणि नऊच्या नऊ पान उलटण्याला लावले तर मेन्यू उघडायचा कुठून? म्हणजे एक कोपरा कुलूपबंद ठेवणं आलंच.

आणि ई-रीडरचा ई-इंक पडदा म्हणजे फोनचा पडदा नव्हे. राखाडी छटांसह पूर्ण रिफ्रेशला, म्हणजे अख्खा पडदा नव्याने रंगवायला, साधारण ४५० मिलिसेकंद लागतात, थंडीत आणखी जास्त. ए-टू हा रंगवण्याचा झटपट मोड १२०च्या आसपास, पण तो फक्त काळा-पांढरा आणि घोस्टिंग, म्हणजे आधीच्या चित्राची पुसट सावली, ठेवून जाणारा. आकाराच्या पट्टीवर बोट ओढलं की प्रत्येक पायरीला अख्ख्या पुस्तकाची पानं नव्याने पाडावी लागतात. जाड पुस्तक असलं की प्रोसेसर गुडघे टेकतो.

उलटं_पान:
पट्टी मागितली कोणी? उणे-अधिकची बटणं द्या. नमुन्याच्या चार ओळीच बदला, त्याही ए-टूमध्ये. मेन्यू मिटला की एकदाच पानं पाडा आणि एक पूर्ण रिफ्रेश. वाचनाची जागा मजकुरातल्या ठिकाणावरून लक्षात ठेवा, पान क्रमांकावरून नाही, नाहीतर आकार बदलताच खुणा भलतीकडे.

धूसर१६:
ए-टूमध्ये नमुना? अक्षरांच्या कडा दातेरी दिसणार, वाचक घाबरून ठळकपणा वाढवणार आणि पानावर परतला की शाई सांडल्यासारखी अक्षरं. कागदावर सगळं सोपं असतं.

उलटं_पान:
मग बोट थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने तेवढाच तुकडा राखाडी छटांत पुन्हा रंगवा. एवढ्यासाठी सेटिंगच नको?

वेलांटी:
तुमचं झोनपुराण चालू द्या, पण देवनागरीला कोणी वाली आहे का? ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठेवून कित्येक यंत्रं बाहेर पडतात. रफार-वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. १.५च्या खाली वाचवत नाही. त्यात प्रकाशकाने सीएसएसमध्ये, म्हणजे पुस्तकाच्या फाइलमधल्या मांडणीच्या नियमांत, ओळीची उंची पिक्सेलमध्ये ठोकलेली असली, की अक्षर वाढतं आणि ओळ तिथेच. ती खोडायचा पर्याय मेन्यूत शोधून दाखवा! ठळकपणा एक पायरी चढवला की द्ध, क्षची पोटं बुजतात. आणि ल, श हिंदी वळणाचे दिसतात ते वेगळंच.

धूसर१६:
ल-शचं रडगाणं इथे कशाला? फाँटात मराठी रूपं असली तरी ती फाइलमधल्या भाषेच्या नोंदीवरून निवडली जातात. फाइल बनवणाऱ्याने तिथे इंग्रजी किंवा हिंदी लिहिलं तर इंटरफेस काय करणार?

वेलांटी:
नोंद बदलू देणार, दुसरं काय! ‘या पुस्तकाची भाषा: मराठी’. एक ओळ, एक टॅप. नाहीतर वाचकाने संगणकावर ईपब, म्हणजे पुस्तकाची फाइल, उसवून नोंद सुधारायची, परत चढवायची, खुणा गमावायच्या. हे दुखणं ज्याला नाही त्यालाच दोन सेटिंग्ज पुरतात.

धूसर१६:
आवाज खाली. आज भाषा, उद्या शब्द तोडण्याचे नियम, परवा सीएसएस लिहायला चौकट मागाल.

वेलांटी:
चौकट आहेच. कोरीडर या ई-रीडरवर वेगळं टाकायच्या वाचन-ॲपमध्ये एकेका पुस्तकापुरते सीएसएसचे तुकडे चालू-बंद करता येतात. कोणी गोंधळून मेल्याचं ऐकिवात नाही.

धूसर१६:
कोरीडर मुद्दाम शोधून टाकणारा वाचक आणि यंत्र खोक्यातून काढून थेट वाचायला बसणारा वाचक एकच का? बरं, ओळींमधलं अंतर घ्या. प्रकाशकाचं खोडण्याच्या सोयीसकट. तीन झाली. खूश?

तळटीप:
भांडण आटोपलं असेल तर दोन गोष्टी. स्टेटस बारवर घड्याळ देणार असाल तर ते पान उलटतानाच बदला. दर मिनिटाला बदलायचं म्हणजे झोपलेल्या यंत्राला दर मिनिटाला उठवणं, बॅटरीचं वाटोळं. आणि सेटिंग्जची फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की नाव बदला. लिहिताना बॅटरी संपली तर अर्धवट फाइल उरते आणि कधी यंत्र सुरूच होत नाही.

धूसर१६:
फाइलचं पटलं. घड्याळ मात्र बंदच ठेवून विका आणि त्याचं सेटिंग देऊ नका.

वेलांटी:
आणि भाषेचं?