सायकी लघुग्रह विकला तर सगळे अब्जाधीश? फॉरवर्ड खरा आहे का

मीनाक्षी_के
काल फॅमिली ग्रुपवर काकांनी फॉरवर्ड टाकलाय, मंगळ आणि गुरूच्या मधे सायकी नावाचा अख्खा धातूचा लघुग्रह आहे, किंमत म्हणे १०,००० क्वाड्रिलियन डॉलर (म्हणजे १ वर १९ शून्यं), नासाने यान पाठवलंय आणि तो आणला की पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस अब्जाधीश. यान गेलंय हे खरंय एवढं मी शोधलं. पण अजून तिथे कोणी पोचलंच नाहीये तर तो धातूचा आहे हे कळलं कसं? आणि ही किंमत कोणी काढली? मुलगा आठवीत आहे, तो कालपासून डोकं खातोय आणि मी पडले आर्ट्सची. सोप्यात सांगा कोणीतरी 🙏

ताराबघ्या
ताई, यान निघालं १३ ऑक्टोबर २०२३ ला, वाटेत मंगळाच्या गुरुत्वाकर्षणाचा धक्का घेऊन २०२९ मधे पोचायचंय. पण ते काही आणायला गेलेलं नाही, नुसतं फिरून बघणार, त्यावर कॅमेरे आहेत, चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र आहे आणि कुठली मूलद्रव्यं आहेत ते ओळखणारा गॅमा किरणांचा डिटेक्टर आहे. खणायला साधी पहारसुद्धा नाही.

आता न जाता कसं कळलं. हा लघुग्रह सापडला १८५२ साली, नेपल्समधून दे गास्पारिस यांना, तेव्हा नुसता ठिपका. नंतर त्याच्यावरून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट (प्रकाश रंगांमधे फोडून केलेला पट्टा) बघितला, पण गंमत अशी की लोखंडाचा वर्णपट जवळपास सपाट असतो, ओळखीची खूण काही मिळत नाही, त्यामुळे नुसत्या प्रकाशावरून छातीठोक सांगता येईना. मग पोर्टो रिकोच्या अरेसिबो दुर्बिणीतून (तीच ती, २०२० ला कोसळली) रडारच्या लहरी सोडल्या, धातूवरून लहरी जास्त जोरात परत येतात, आणि सायकीवरून तशा आल्या. तिथून हे धातूचं प्रकरण पक्कं व्हायला लागलं.

पण खरी मेख घनतेत आहे. सायकी शेजारच्या लघुग्रहांना किती ओढतो त्यावरून त्याचं वस्तुमान काढतात, आकार साधारण २२० किमी, त्यावरून घनता येते पाण्याच्या ४ पट. लोखंडाची जवळजवळ ८ पट असते! म्हणजे एकतर आत भरपूर पोकळ्या आहेत नाहीतर अर्ध्याच्या आसपास दगड आहे. त्यात २०१७ च्या आसपास पृष्ठभागावर हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, पाण्याची नातेवाईक) खुणा पण सापडल्या, अख्ख्या लोखंडी गोळ्यावर त्या अपेक्षित नव्हत्या. हल्ली ३० ते ६० टक्के धातू असं धरतात. "अख्खा धातूचा" हे जुनं झालं, फॉरवर्डवाल्यांना अजून कळलेलं नाही.

कांदा_लसूण_मसाला
किमतीचं मी सांगतो. मोहिमेच्या प्रमुख लिंडी एल्किन्स-टँटन यांनीच एका मुलाखतीत गमतीत हिशोब केला होता, सगळं लोखंड धरून आजच्या भावाने गुणाकार, बस. त्याच वेळी त्यांनी हे पण सांगितलं की हे आणता येणार नाही आणि आणलं तर बाजारच कोसळेल. फॉरवर्डमधे आकडा राहिला आणि पुढचं वाक्य गळालं.
लासलगावला आवक दुप्पट झाली की भावाचं काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको, इथे तर लाखो वर्षं पुरेल एवढी आवक एका दमात. ॲल्युमिनियमचं तसंच झालं, १८८४ ला वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियम बसवलं कारण तेव्हा ती भारी चीज होती, दोन वर्षांत विजेवर काढायची स्वस्त पद्धत सापडली आणि आज त्यात आपण पोळ्या गुंडाळतो.

फाउंड्रीवाला
लोखंडाची टंचाई आहेच कुठे मुळात? पृथ्वीच्या कवचात साधारण ५ टक्के लोखंडच आहे. सुरजागड घ्या नाहीतर गोव्याच्या खाणी, तिथे निघतं ते लोखंडाचं ऑक्साईड, खर्च आणि धूर सगळा त्यातला ऑक्सिजन कोकने (भाजलेल्या दगडी कोळशाने) काढण्यात. उल्केतलं लोखंड मात्र तयार धातू असतो, निकेलसकट, तेवढी एक गोष्ट मला भारी वाटते. १६२१ मधे जालंधरजवळ अशी उल्का पडली तर जहांगीराने तिच्या तलवारी आणि खंजीर करवून घेतले. पण नुसतं ते लोखंड हातोड्याखाली फुटायला लागलं म्हणून ३ भाग आकाशातलं आणि १ भाग साधं मिसळावं लागलं, त्याच्या आठवणींमधे लिहिलंय. म्हणजे "रेडिमेड" असलं तरी लगेच टीएमटी बार निघणार नाहीत 😄

मीनाक्षी_के
बापरे, खूपच छान सांगितलंत सगळ्यांनी. पण मुलगा म्हणतो लोखंड जाऊ दे, प्लॅटिनम तरी आणतील ना?

ताराबघ्या
हुशार आहे पोरगा. लोखंडी उल्कांमधे प्लॅटिनम कवचातल्यापेक्षा खूप जास्त असतं हे खरं, तरी टनामागे काही ग्रॅमच. आणि आणण्याचा भाव बघा: बेनू लघुग्रहावर २०१६ ला यान पाठवलं, २०२३ मधे माती आली, १२१.६ ग्रॅम, खर्च १ अब्ज डॉलरच्या वर. बेनू तर पृथ्वीच्या जवळून जाणारा, सायकी सूर्यापासून आपल्या तिप्पट लांब.
मग जायचं कशाला, तर पृथ्वीचा गाभा लोखंड-निकेलचा आहे पण तो २,९०० किमी खोल, तिथे कोणी जाऊ शकत नाही. सायकी कदाचित एखाद्या अर्धवट राहिलेल्या ग्रहाचा उघडा पडलेला गाभा असेल. कदाचित हं, नसेलही, तेच बघायला चाललंय.

कांदा_लसूण_मसाला
आणि याच यानावरून डिसेंबर २०२३ मधे लेझरने ३ कोटी किमीवरून मांजरीचा व्हिडिओ पाठवला होता, तो दाखवा मुलाला. काकांना पण फॉरवर्ड करा, निदान तो तरी खरा आहे.