बेट म्हणजे समुद्रच हवा का?

समुद्रातल्या बेटांवर पाली कशा पोचल्या, या इथल्या चर्चेत वर कुणी म्हटलंय की त्या जवळच्या मुख्यभूमीवरूनच आल्या असणार. तर्क सरळ आहे, पण डीएनए नेहमी तसं सांगत नाही. केप व्हर्दे बेटांना आफ्रिकेचा किनारा सगळ्यात जवळ, तरी तिथल्या टॅरेंटोला या प्रजातीगटातल्या पालींचं सर्वात जवळचं नातं निघालं हजार किलोमीटरहून दूर, उत्तरेकडच्या कॅनरी बेटांवरच्या पालींशी. कॅनरी प्रवाह हा समुद्रातला प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्यामुळे ओंडक्याला चिकटून आलेली पाल किंवा तिची टणक कवचाची अंडी तिकडे लागली हे पटतं. अंतरापेक्षा पाणी कुठं वाहतंय ते महत्त्वाचं.

मात्र बेटं फक्त समुद्रातच असतात, असा जो सूर या चर्चेत लागलाय तो मला मान्य नाही. मी साताऱ्याचा. ठोसेघरच्या वरचं चाळकेवाडीचं पठार, ते पवनचक्क्यांचं, पाहिलं असेल तुम्ही. हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस ही जमिनीवर राहणारी पाल तिथूनच २००८ साली विज्ञानाला नवी म्हणून नोंदली गेली. भिंतीवर चढणारी नव्हे ही, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, दगडांखाली राहते. हिच्या जवळच्या नात्यातली हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पाल थेट कोकणातल्या सड्यांवर सापडते. मधे घाटाचा कडा आणि दाट झाडी. उघड्या कातळावर जगणाऱ्या जिवाला ती झाडी समुद्रासारखीच! म्हणून कळकळीने सांगतो, पठारावर गेलात तर दगड उलथू नका. उलथलाच तर होता तसाच परत ठेवा, त्याखालचा ओलावा हेच तिचं घर आहे.