नववीच्या वर्गात अणूभोवती वर्तुळे काढावीत का?

विज्ञान शिक्षक, खानापूर तालुका

इलेक्ट्रॉनांची मांडणी शिकवताना आपण मधोमध केंद्रक काढतो, त्याभोवती एकात एक वर्तुळे काढतो आणि दोन नियम पाठ करून घेतो. के, एल, एम, एन या कवचांत (म्हणजेच या वर्तुळांत) जास्तीत जास्त २, ८, १८, ३२ इलेक्ट्रॉन मावतात, हा पहिला. सर्वांत बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त राहत नाहीत, हा दुसरा. ही वर्तुळे आता बंद करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटॅशियमचेच पाहा. त्याच्याकडे १९ इलेक्ट्रॉन आहेत. २, ८, ८ भरून झाल्यावर तिसऱ्या कवचात अजून १० जागा रिकाम्या असताना एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात का जातो, हा प्रश्न चौकस मूल विचारतेच, आणि आपण ‘नियम तसा आहे’ म्हणून पुढे जातो. खरे कारण असे की, एकाच कवचातील सर्व जागांची ऊर्जा सारखी नसते; कवचात एस, पी, डी अशी उपकवचे असतात, म्हणून ४एस म्हणजे चौथ्या कवचातील एस आणि ३डी म्हणजे तिसऱ्यातील डी. ४एस मधील इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळही आढळू शकतो, त्यामुळे आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा त्याला कमी भोवतो आणि पोटॅशियममध्ये ४एस ही पातळी ३डीच्या खाली येते. वर्तुळांच्या चित्रात हे सांगायला जागाच नाही.

माध्यमिक शिक्षिका, निपाणी

सर, मी याच्याशी सहमत नाही. सोडियम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७ असे लिहिले की एकाने इलेक्ट्रॉन का दिला आणि दुसऱ्याने का घेतला, हे मुलांना लगेच कळते. संयुजा, मिठाचे रेणुसूत्र, आवर्तसारणीतील गण हे सगळे त्यातूनच उलगडते. पहिल्या २० मूलद्रव्यांपर्यंत ही पद्धत कुठेही अडत नाही आणि नववीला त्यापलीकडे आपण जातही नाही. गावचा हातनकाशा मोजमापाने चुकीचा असतो, तरी पाहुणा त्यावरून नेमका घरी पोहोचतो. शिवाय या वर्तुळांमागचे, भौतिकशास्त्रज्ञ बोर यांचे १९१३ चे अणूचे प्रारूप टाकाऊ नव्हते, कारण हायड्रोजनच्या वर्णपटातील ६५६ नॅनोमीटरची तांबडी रेषा त्याने बरोबर सांगितली होती.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पदवीपूर्व महाविद्यालय, बेळगाव

हायड्रोजनपुरते ते खरे आहे. दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशीच ते प्रारूप अडखळले. पदवीपूर्वच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांना भाषा बदलण्याचा त्रास असतोच, पण त्याहून मोठा त्रास मनात पक्क्या बसलेल्या त्या वर्तुळांचा असतो. इलेक्ट्रॉनाचा ठरावीक मार्ग नसतो, तो कुठे सापडण्याची किती शक्यता आहे एवढेच १९२६ च्या श्रोडिंगर समीकरणावरून काढता येते, असे सांगितल्यावरही उत्तरपत्रिकेत पुन्हा वर्तुळेच येतात.

मात्र खानापूरच्या सरांनी दिलेले कारणही जपून वापरावे लागेल. ‘४एस खाली, ३डी वर’ हे पोटॅशियम आणि कॅल्शियमपुरते ठीक आहे. स्कँडियमपासून पुढे तसे राहत नाही. लोहाची मांडणी २, ८, १४, २ आहे. त्याचे इलेक्ट्रॉन काढू लागलो, तर आधी ४एस मधील दोन जातात आणि त्यानंतर ३डी मधील एक, म्हणून त्याचे २+ आणि ३+ असे दोन आयन मिळतात. खानापूर भागातील तांबड्या मातीचा रंग या ३+ लोहाच्या ऑक्साइडांमुळेच आहे. ‘जे शेवटी भरते ते आधी निघते’ हा समज मुलांनी एकदा करून घेतला, की तोही वर्तुळांइतकाच चिवट ठरतो.

पालक, उद्यमबाग

मी फाउंड्रीत कामाला आहे. एसएसएलसीत, म्हणजे दहावीच्या परीक्षेत, ज्यावर गुण मिळतात तेच आधी पक्के करून घ्यावे, एवढी विनंती करतो. शिक्षकांचे एकमत होईपर्यंत पोरांना वेठीस धरू नये.

विज्ञान शिक्षक, खानापूर तालुका

दादा, गुण बुडणार नाहीत, कारण २, ८, ८ हे आकडे मी काढून टाका म्हणत नाही. ते पुराव्यातून यावेत, एवढाच माझा आग्रह आहे. ॲल्युमिनियम घेऊ; बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढणारा कारखाना असल्याने हे नाव मुलांच्या कानावरचे आहे. त्याच्या अणूतून एकामागून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये ५७८, १८१७, २७४५ आणि मग एकदम ११५७७ आहे. हे चार आकडे फळ्यावर लिहून थांबावे. तीन इलेक्ट्रॉन तुलनेने सहज सुटतात आणि चौथा घट्ट धरलेला आहे, हे मुले स्वतः सांगतात; २, ८, ३ मधला ३ त्यांनी शोधलेला असतो. त्यानंतर वर्तुळांऐवजी आडव्या रेषांनी ऊर्जापातळ्या दाखवाव्यात.

माध्यमिक शिक्षिका, निपाणी

पण ही ऊर्जा मोजायची साधने कोणत्याही शाळेत नाहीत. मुलांच्या दृष्टीने तेही पुस्तकातूनच आलेले आकडे आहेत, आणि नियम पाठ करण्याऐवजी ती तक्ता पाठ करतील. वर्तुळ निदान डोळ्यांसमोर राहते.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पदवीपूर्व महाविद्यालय, बेळगाव

मॅडम, तक्ता पाठ करायला लावला तर तुमची भीती खरी ठरेल. म्हणून त्यात न बसणारी एक जागा मुद्दाम दाखवावी. मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७३८ लागतात आणि ॲल्युमिनियमचा काढायला ५७८. केंद्रकावरील धनप्रभार एकाने वाढला, कवच तेच राहिले, तरी इलेक्ट्रॉन अधिक सैल झाला. वर्तुळांच्या हिशेबाने हे उलटे व्हायला हवे होते. मॅग्नेशियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन ३एस मधला आहे आणि ॲल्युमिनियमचा त्याहून जास्त ऊर्जेच्या ३पी मधला आहे, हे उत्तर नववीत देण्याची गरज नाही. प्रश्न तेवढा वहीत लिहून ठेवू द्यावा. इलेक्ट्रॉन भरण्याच्या क्रमातील क्रोमियम आणि तांब्याचे अपवाद मात्र आमच्याकडेच राहू द्यावेत.